पुणे की श्टुटगार्ट : दोन देशांतला खर्च आणि राहणीमान यांची तुलना कशी मांडावी

ऑफर लेटर आलं की पहिल्या मिनिटात होणारा हिशेब असा असतो : ७० हजार युरो, युरो शंभरीच्या आसपास, म्हणजे ७० लाख रुपये. हा गुणाकार बरोबर आहे, पण त्यातून काहीच कळत नाही. तो पगार खर्च व्हायचा आहे युरोत, श्टुटगार्टच्या भाड्यावर आणि श्टुटगार्टच्या दुकानांत. विनिमय दर संपूर्ण तुलनेत एकाच जागी लावायचा : सगळं भागवून महिन्याला जी शिल्लक उरेल आणि जी भारतात आणायची आहे, तिला. बाकीचं सगळं ज्या त्या चलनात मांडायचं.

पुढची मांडणी एका ठरावीक कुटुंबासाठी आहे : नवरा, बायको, चार वर्षांचं मूल. पुण्यात चाकणच्या वाहन उद्योगात किंवा हिंजवडीत २४ लाखांचा सीटीसी (कंपनीला पडणारा वर्षाचा एकूण खर्च), श्टुटगार्टमध्ये ७० हजार युरोंचा ब्रुटो, म्हणजे कपातींआधीचा, वार्षिक पगार. कराचे आकडे २०२५ सालच्या दरांचे (भारतासाठी २०२५-२६). घरखर्चाचे आकडे नमुन्याचे आहेत, त्या जागी आपले घालावेत. देश दुसरा असला तरी रीत हीच.

आधी शहर पक्कं करा

'भारत विरुद्ध जर्मनी' अशी तुलना होऊच शकत नाही. म्युनिकचं भाडं लाइपझिगच्या दुपटीच्या घरात जातं. पुणे आणि नाशिक यांतही चांगलाच फरक आहे. बालवाडी, म्हणजे किटा, बर्लिनमध्ये मोफत आहे, फक्त जेवणाचे थोडे पैसे द्यावे लागतात. श्टुटगार्ट ज्या राज्यात येतं त्या बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये शुल्क भरावं लागतं आणि ते गावागणिक वेगळं असतं. म्हणून शहर आणि शक्य तर उपनगरही ठरवून टाका, तिकडचं आणि इकडचंही.

हातात पडणारा पगार : सीटीसी आणि ब्रुटो या वेगळ्या गोष्टी आहेत

भारतातल्या सीटीसीमध्ये कंपनीने भरायचा पीएफ आणि बहुतेक ठिकाणी ग्रॅच्युइटीही धरलेली असते. जर्मन ब्रुटोमध्ये कंपनीचा सामाजिक विम्याचा वाटा धरलेला नसतो. तो पगाराच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढा असतो आणि कंपनी वरून भरते. त्यामुळे दोन्हीकडचा खाली उतरणारा आकडाच घ्यायचा.

पुण्याची बाजू : २४ लाखांत मूळ वेतन ४० टक्के, म्हणजे ९.६ लाख धरू. कंपनीचा पीएफ १,१५,२०० आणि ग्रॅच्युइटी सुमारे ४६ हजार वजा केले की २२.३९ लाख उरतात. नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन कर आणि उपकर मिळून साधारण अडीच लाख. स्वतःचा पीएफ १,१५,२००, व्यवसाय कर २,५००. उरले १८.७ लाख, महिन्याला साधारण १ लाख ५६ हजार. यात व्हेरिएबल पे पूर्ण मिळालं असं धरलं आहे. ते दरवर्षी कापलं जात असेल, तर गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष जेवढं हाती आलं तेवढंच धरा.

श्टुटगार्टची बाजू, २०२५ च्या दरांनी : पेन्शन ९.३ टक्के, बेकारी विमा १.३ टक्के, आरोग्य विमा साधारण ८.५५ टक्के आणि शुश्रूषा विमा, ज्यात मूल नसलेल्यांना जास्त कापतात. आरोग्य आणि शुश्रूषा विम्याची कपात २०२५ मध्ये ६६,१५० युरोंच्या वार्षिक पगारापर्यंतच होत होती, त्यावरच्या रकमेवर नाही. शिवाय आयकर, आणि तो करवर्गावर ठरतो. एकट्या माणसाला पहिला वर्ग : महिन्याला साधारण ३,५६० युरो हातात. विवाहित, जोडीदार जर्मनीतच राहणारा पण न कमावणारा, असा तिसरा वर्ग : साधारण ४,०३०. त्यावर मुलामागे किंडरगेल्ड, म्हणजे सरकारी बालभत्ता, २५५ युरो (२०२५ चा दर). एकूण ४,२८५.

इथे बऱ्याच जणांचं गणित घसरतं. नवरा आधी एकटा जातो, घर मिळाल्यावर सहा-आठ महिन्यांनी कुटुंब येतं. तोवर करवर्ग पहिलाच राहतो, कारण बायको जर्मनीत राहत नाही. पुण्याचं भाडंही चालू असतं. एकाच वर्षात कुटुंब येऊन नोंदणी झाली, तर पुढे रिटर्न भरताना फरकाचा बराच भाग परत मिळू शकतो. पण बायकोचं त्या वर्षातलं भारतातलं उत्पन्न तिथे कराचा दर ठरवताना विचारात घेतलं जातं. पहिल्या वर्षाचा तक्ता वेगळाच करा.

वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक कुटुंबांनी आणखी एक रकाना ठेवावा. शहरात नावनोंदणी करताना धर्म विचारतात. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं की चर्च कर सुरू होतो : बाडेन-वुर्टेमबर्ग आणि बायर्नमध्ये आयकराच्या ८ टक्के, इतर राज्यांत ९ टक्के.

जर्मन अर्थ मंत्रालयाचं पगारावरचा आयकर मोजायचं गणनयंत्र इंटरनेटवर आहे. कराच्या बाबतीत कंपनीच्या एचआरने फोनवर सांगितलेल्या आकड्यापेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवावा.

घरभाडं : जाहिरातीतला आकडा अर्धवट असतो

जर्मन जाहिरातीत ठळक छापलेलं असतं ते काल्टमीटे, म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची साफसफाई असा नेबेनकोस्टेन मिळवला की वार्ममीटे होतं. वीज आणि इंटरनेट त्याहून वेगळं. नेबेनकोस्टेन हा आगाऊ अंदाज असतो. वर्षाचा हिशेब नंतर येतो आणि हिवाळा कडक गेला असेल तर काहीशे युरो एकदम भरावे लागतात. आपल्याकडे सोसायटीचा मेंटेनन्स एकदा ठरला की ठरला, तशी सवय तिथे उपयोगाची नाही. दरमहा ३०-४० युरो बाजूला टाकत जा.

दुसरा धक्का स्वयंपाकघराचा. बरीच घरं ओटा, सिंक, शेगडी, कपाटं यांच्याशिवायच भाड्याने दिली जातात. जाहिरातीत 'आइनबाउक्यूशे' असा शब्द दिसला नाही तर २ ते ५ हजार युरोंचा खर्च धरून चाला, किंवा आधीच्या भाडेकरूकडून जुनं स्वयंपाकघर विकत घ्या.

अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेएवढी घेता येते. दलालाचा मोबदला २०१५ पासून ज्याने दलाल नेमला त्याने द्यायचा, म्हणजे बहुधा मालकानेच. पुण्यात एक महिन्याचं भाडं दलाली, लीव्ह अँड लायसन्सची नोंदणी, आणि ११ महिन्यांनी पुन्हा घासाघीस. ही एक बाब जर्मनीच्या पारड्यात ठळकपणे टाकावी : करार सहसा बेमुदत असतो, आणि चालू भाडं तीन वर्षांत २० टक्क्यांपेक्षा, टंचाईच्या शहरांत १५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. पुण्यात पाच वर्षांत तीन घरं बदललेल्या कुटुंबाला याचं मोल सांगायला नको.

भाड्याचा आकडा घेताना पाच-सहा चालू जाहिरातींचा मध्य काढा. शहराचा अधिकृत भाडेदर तक्ता, मीटश्पीगेल, हा आधीपासून राहणाऱ्यांची भाडी धरून बनतो, त्यामुळे नव्याने घर शोधणाऱ्याला तो नेहमी कमीच वाटतो.

दोन टोपल्या

खर्चाच्या तुलनेतली सर्वांत मोठी गल्लत अशी की माणूस पुण्यातली आपली राहणी जशीच्या तशी उचलून तिकडे ठेवतो आणि घाबरतो, किंवा तिकडची राहणी इथल्या भावाने मोजतो आणि खूश होतो. दोन्ही करायचं, आणि मग मध्य काढायचा.

पहिली टोपली पुण्याची, महिन्याची : बाणेर-वाकडच्या बाजूला २ बीएचके मेंटेनन्ससह ३८,०००, वीज-गॅस ४,०००, इंटरनेट-मोबाइल २,०००, किराणा, भाजी, दूध १८,०००, धुणी-भांडी आणि पोळ्यांच्या मावशी मिळून ९,०००, शाळा आणि बस १२,०००, गाडीचा हप्ता, पेट्रोल, विमा २०,०००, आई-वडिलांसकट मेडिक्लेम ५,०००, बाहेरचं खाणं ८,०००, कपडे-सणवार ६,०००, गावी जाणं ५,०००, किरकोळ ८,०००. एकूण १,३५,०००.

दुसरी टोपली श्टुटगार्टची : ७५ चौरस मीटरचं घर, वार्ममीटे १,४५०, वीज ८०, इंटरनेट ४०, आकाशवाणी-दूरदर्शनचं सक्तीचं शुल्क १८.३६, टीव्ही नसला तरीही; किराणा ५५०; दोघांचे डॉइचलांड-टिकिट पास १२६ (हा दर २०२६ चा, एकाचे ६३; सहा वर्षांखालचं मूल फुकट); किटा आणि तिथलं जेवण २५०; मोबाइल ३०; दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी घेणारा हाफ्टफ्लिश्ट विमा ८; कपडे, त्यात दरवर्षी मुलाचे नवे हिवाळी बूट आणि जाकीट, १२०; बाहेरचं खाणं १५०; भारताची वर्षातून एक फेरी, तीन तिकिटांचे २,५५० भागिले १२, म्हणजे २१२; किरकोळ २००. एकूण ३,२३४. आरोग्य विमा इथे पुन्हा लिहू नका, तो पगारातून आधीच गेला आहे, आणि न कमावणारा जोडीदार व मूल त्यातच मोफत येतात.

आता पहिली टोपली श्टुटगार्टच्या भावाने भरा. गाडी आणि घर ठीक आहे, पण रोज येणाऱ्या मावशींपाशी हिशेब फुटतो. जर्मनीत किमान वेतनच जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे. रोज दीड तासाचं काम २० युरोंच्या दराने महिन्याला ९०० युरो होतं, पोळ्या वेगळ्या. एकूण ५,४०० युरो झाले असं धरा. १,३५,००० भागिले ५,४०० : एक युरो म्हणजे २५ रुपये. मग दुसरी टोपली पुण्याच्या भावाने भरा, समजा १,२६,००० झाली. भागिले ३,२३४ : एक युरो म्हणजे ३९ रुपये. या दोहोंचा गुणाकार करून वर्गमूळ काढा : ३१ च्या थोडं वर.

हा तुमच्या घराचा स्वतःचा क्रयशक्तीचा दर. ४,२८५ युरो गुणिले ३१.२, म्हणजे पुण्यातल्या साधारण १ लाख ३४ हजारांची राहणी. एकट्या २४ लाखांच्या सीटीसीतून येणाऱ्या १ लाख ५६ हजारांपेक्षा ती कमी भरते. हे वाचून पुष्कळांना धक्का बसतो, पण रोजच्या जगण्यापुरतं ते खरं आहे. फायदा असलाच तर तो शिल्लक रकमेत असतो, जिला बाजारातला १०० चा दर लागतो.

जागतिक बँकेचा क्रयशक्तीचा दर वापरून हेच करता येईल : एका आंतरराष्ट्रीय डॉलरमागे (हे क्रयशक्ती मोजण्याचं काल्पनिक एकक) भारतात साधारण २० रुपये, जर्मनीत ०.७ युरोच्या आसपास, म्हणजे एक युरो २८-२९ रुपयांचा. पण तो दर सगळ्या देशाची सरासरी धरतो, त्यात बीडचाही बाजारभाव आला आणि मुंबईचाही. वाकडच्या मध्यमवर्गीय घराच्या टोपलीत आयफोन, विमानाचं तिकीट आणि गाडी असते, आणि या वस्तू पुण्यात मुळीच स्वस्त नाहीत. नंबिओसारख्या संकेतस्थळांवर लोक आपणहून भाव भरतात. किराण्याचा अंदाज घ्यायला ते ठीक, भाडं आणि शाळेच्या फीसाठी नाही. एकाच बर्गरच्या निरनिराळ्या देशांतल्या किमतीवरून चलनांची तुलना करणाऱ्या बिग मॅक निर्देशांकाबद्दल एवढंच, की भारतात गोमांसाचा बिग मॅक विकलाच जात नाही. तिथे चिकनचा महाराजा मॅक धरावा लागतो.

शिल्लक आणि दुसरा पगार

श्टुटगार्ट : ४,२८५ वजा ३,२३४, साधारण १,०५० युरो. यातून बस्तान बसवण्याचा खर्च वजा करायचा. सुरुवातीचे दोन-तीन महिने सुसज्ज तात्पुरतं घर, स्वयंपाकघर, फर्निचर, तिकिटं, कागदपत्रांची भाषांतरं असं ९,००० युरो धरा आणि तीन वर्षं राहणार असाल तर ३६ ने भागा : २५० महिन्याला. अनामत परत मिळते, ती यात नको. उरले ८००, म्हणजे ८० हजार रुपये.

पुणे : १,५६,००० वजा १,३५,०००, रोख २१ हजार, दोन्ही बाजूंचा पीएफ मिळून महिन्याला १९,२००. एकूण ४० हजार. श्टुटगार्ट दुप्पट. पण बायको पुण्यात नोकरी करून ६० हजार घरी आणत असेल, तर पुण्याची शिल्लक एक लाख, आणि पारडं उलटलं.

सगळ्या तक्त्यात निर्णय फिरवणारी ओळ हीच आहे, भाडं नव्हे. ब्लू कार्डधारकाच्या (ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कामगारांचा निवास परवाना) जोडीदाराला काम करायची परवानगी पहिल्या दिवसापासून असते. अडतं ते भाषेपाशी. आयटीत इंग्रजीवर निभावतं. शिक्षिका, सीए, वकील, फिजिओथेरपिस्ट यांना जर्मन आणि पदवीची मान्यता दोन्ही लागतात, त्यात दीड-दोन वर्षं सहज जातात. तक्ता दोन रकान्यांत करा : जोडीदार पहिली दोन वर्षं घरी, आणि नंतर कमावता. दुसऱ्या रकान्यात करवर्ग आणि किटाचे तास दोन्ही बदलतील.

जर्मन पेन्शनमध्ये जाणारे वर्षाचे ६,५१० युरो पीएफसारखे शिलकीत धरू नका. ते मनात आलं तेव्हा काढता येत नाहीत, निवृत्तीवेतनाचा हक्क म्हणून राहतात. त्यासाठी किमान पाच वर्षांचा विमाकाळ लागतो. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू असल्यामुळे ही पात्रता पाहताना भारतातला काळही जोडता येतो.

पाच वर्षांनंतरचाही आकडा काढा. पुण्यात वर्षाला ९ टक्के वाढ मिळत गेली तर २४ चे जवळजवळ ३७ लाख होतात. तिथे ३ टक्क्यांनी ७० हजारांचे ८१ हजार. स्वतःच्या कंपनीतला खरा वाढीचा इतिहास घाला, घोषणा नको.

राहणीमान मोजायचं कशात

मानव विकास निर्देशांकात (२०२५ चा अहवाल) जर्मनी ०.९५९ वर, पाचवी, भारत ०.६८५, १३० वा. देशांसाठी ही माहिती महत्त्वाची, पण पाषाणला राहणाऱ्या, खासगी विमा असलेल्या इंजिनीअरच्या निर्णयाला तिचा फारसा उपयोग नाही. त्यापेक्षा स्वतःला लागू पडणाऱ्या सात-आठ बाबी निवडा आणि प्रत्येकीला मोजमाप लावा.

वेळ तासांत मोजा. श्टुटगार्ट : ३० रजा आणि सुट्ट्या धरून कामाचे साधारण २२० दिवस, दिवसाला ८ तास काम आणि १ तास प्रवास, वर्षाला १,९८०. पुणे : २३३ दिवस, साडेनऊ तास काम आणि दीड तास प्रवास, २,५६३. वाचले ५८० तास. आता मावशी रोज करत होत्या ते दीड तासाचं काम ३६५ दिवसांनी गुणा : ५४७. ते कोण करणार, हे घरात आधीच बोलून घ्यावं, कारण वाचलेले तास एकाचे आणि वाढलेलं काम दुसरीचं, असं फार घरांत होतं.

हवा मायक्रोग्रॅममध्ये मोजा. भारताचा एक्यूआय आणि युरोपचा निर्देशांक यांच्या पट्ट्या वेगळ्या आहेत. ते आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही. पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची, वार्षिक सरासरी घ्या, पुण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची, जर्मनीसाठी तिथल्या पर्यावरण खात्याची. भारताची मर्यादा घनमीटरला ४०, युरोपीय संघाची २५ असून २०३० पासून १०, जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस ५. मुलाला दमा असेल तर ही बाब यादीत सर्वांत वर जायला हवी.

आजारपण दोन भागांत बघा. आजारी पडल्यास सहा आठवडे पूर्ण पगार मिळतो, आणि इस्पितळाचं बिल दिवसाला १० युरो, तेही वर्षाला २८ दिवसांपर्यंतच. मात्र त्वचारोग किंवा डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ मिळायला कित्येक आठवडे लागतात. पुण्यात संध्याकाळी फोन करून सकाळी जाता येतं. ११६११७ या क्रमांकावरून वेळ मिळवून देण्याची सोय आहे, पण डॉक्टर आपल्या पसंतीचा मिळेलच असं नाही.

उजेडाचा रकाना कोणी करत नाही. डिसेंबरात श्टुटगार्टमध्ये दिवस सव्वाआठ तासांचा असतो, पुण्यात अकरा तासांचा.

आणि आई-वडील. सरकारी आरोग्य विम्यात ते येत नाहीत. १ मार्च २०२४ नंतर परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना पालकांना आणायची तरतूद झाली आहे, पण त्यांचा पुरेसा आरोग्य विमा दाखवावा लागतो आणि सत्तरीतल्या माणसाला तो परवडेल असा मिळणं हीच खरी अडचण. म्हणून तक्त्यात अचानक भारतात येण्याची दोन तिकिटं दरवर्षी धराच, आणि पुण्यात त्यांच्याजवळ कोण राहणार त्याचा खर्चही.

या बाबींना गुण देऊन बेरीज करायचा मोह टाळा. गुण नवरा आणि बायकोने वेगवेगळ्या कागदावर द्यावेत, आणि जिथे मोठा फरक पडेल त्याच ओळींवर बोलावं.

निघण्याच्या तारखेचा हिशेब

नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला तर त्या वर्षापुरता अनिवासी ठरतो. २८ सप्टेंबरपर्यंत निघाल्यास, आणि त्या वर्षात पुन्हा भारतात राहायला न आल्यास, जर्मन पगारावर भारतात कर लागत नाही. ऑक्टोबरच्या मध्यात निघाल्यास दोन्हीकडे तो दाखवणं आणि दुहेरी कर करारानुसार सवलत मागणं आलं. रुजू व्हायची तारीख दोन-तीन आठवडे मागेपुढे करायला कंपन्या सहसा तयार असतात. बँकेतलं साधं बचत खातं एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नाच्या खात्यात, बदलून घ्या. एनआरई ठेवीचं (परदेशातली कमाई भारतात ठेवायच्या खात्याचं) व्याज भारतात करमुक्त असलं तरी जर्मनीत राहणाऱ्याने ते तिथे दाखवावं लागतं. व्याज-लाभांशावर माणशी १,००० युरोंची सूट आहे, त्यापुढे कर. शिल्लक 'करमुक्त ७ टक्क्यांनी' वाढवणारा रकाना कोणी सल्लागाराने करून दिला असेल, तर तो ती सूट आणि त्यापुढचा कर धरून उरणाऱ्या दराने पुन्हा लिहा.